गाडीत प्रुफं वाचायला काय घेऊ? छोटा टॅब, मोठा फोन की फोल्ड?

अनुस्वार

मंडळी, सल्ला हवाय. थोडं पाल्हाळ लागेल, सांभाळून घ्या.

मी मुद्रितशोधन करते. काम घरूनच असतं, पण आठवड्यातले तीन दिवस बदलापूरहून दादरला जावं लागतं. जाऊन-येऊन अडीच-तीन तास गाडीत जातात. पूर्वी पिशवीत प्रुफांचा गठ्ठा आणि हातात लाल पेन असायचं. आता सगळं पीडीएफ. घरी लॅपटॉप आहे, तिकडे मोठा स्क्रीन आहे. अडचण फक्त त्या अडीच तासांची.

सध्याचा फोन ६.१ इंची, तीन वर्षं जुना, तक्रार काही नाही. पण पुस्तकाचं डेमी आकाराचं अख्खं पान त्यावर बसवलं की अनुस्वार कुठला आणि काचेवरचा कण कुठला ते कळत नाही. पान मोठं केलं तर ओळ डावी-उजवीकडे सरकवत बसायचं, आणि परत येताना मधली एखादी ओळच गळते. अशानेच मध्ये एक 'पाणि' माझ्या हातून सुटलं आणि तसंच छापून आलं. पिण्याचं 'पाणि'. लेखक काही बोलले नाहीत, पण मला अजून सलतंय. वय ४७, प्रोग्रेसिव्ह चष्मा.

घरात तीन पक्ष आहेत. नवरा म्हणतो, एकच मोठा फोन घे, दोन-दोन वस्तू कुठे सांभाळत बसतेस. मुलगा म्हणतो फोल्ड, म्हणजे पुस्तकासारखा उघडणारा घडीचा फोन घे (तो कोण वापरणार हे न सांगता समजून घ्या). माझा कल छोट्या टॅबकडे. बजेट साठ हजार. वर जायचं तर तसंच काही कारण पाहिजे.

लोकलवाला

ताई, पहिला प्रश्न: बसायला मिळतं का? सगळं त्यावर आहे. उभ्याने एक हात कडीला असतो, तेव्हा टॅब काढाल कुठला? मी साडेसात वर्षं टिटवाळा करतोय, सध्या सॅमसंगचा ६.८ इंची अल्ट्रा फोन वापरतो, वजन २३२ ग्रॅम. कल्याणनंतर तोही दोन हातांनी धरता येत नाही. अंगठा वरच्या कोपऱ्यापर्यंत जात नाही ते वेगळंच.

अनुस्वार

जाताना गाडी बदलापूरहूनच सुटते, वेळेआधी गेलं तर खिडकी मिळते. येताना चौथी सीट मिळाली तर देव पावला. म्हणजे वाचन मुख्यतः सकाळचं.

फुटपट्टी

इंचांच्या मागे लागू नका, इंच फसवतात. तो आकडा कर्णाचा असतो, आणि कर्ण काही आपण वाचत नाही. वाचायला लागते रुंदी. मी बसून हिशोब केलाय, चूक निघाली तर कान धरा.

६.८ इंची फोन लांबुडका. पडद्याची रुंदी जेमतेम ७.२ सेंटिमीटर. तुमच्या ६.१ वाल्यापेक्षा फार तर पाऊण सेंटिमीटर जास्त. एवढ्यासाठी नवीन फोन घ्यायचा?

आयपॅड मिनी म्हणजे ८.३ इंच. ऐकायला दीडच इंच जास्त, पण पडदा ११.६ बाय १७.७ सेंटिमीटर. क्षेत्रफळ ६.८ इंची फोनच्या जवळजवळ पावणेदोन पट.

सॅमसंगचा फोल्ड ७ उघडला की ८ इंच, साधारण १३.६ बाय १५.१. क्षेत्रफळ मिनीइतकंच भरतं, पण आकार चौकोनी, पाटासारखा.

आता तुमचं डेमी पान. साडेपाच बाय साडेआठ इंच, म्हणजे १४ बाय २१.६ सेंटिमीटर धरू. अख्खं पान एका नजरेत हवं असेल तर मिनीवर ते मूळ आकाराच्या ८२ टक्के दिसतं, फोल्डवर ७० टक्के, ६.८ इंची फोनवर ५१ टक्के. म्हणजे बारा पॉइंटचं अक्षर अनुक्रमे दहा, साडेआठ आणि सहा पॉइंटचं होतं. समास कापून नुसता मजकूर ठेवलात तर मिनीवर जवळपास छापील आकार मिळेल. फोल्ड रुंदीला भरला तर अक्षर खऱ्याइतकं दिसतं, पण पानाचा खालचा पाव हिस्सा तरी सरकवून आणावा लागतो.

खडीसाखर

फुटपट्टी, _/\_ वाखु (वाचनखूण) साठवली.

टेकाडावरचा

सहा पॉइंट म्हणजे औषधाच्या बाटलीवरचा मजकूर. :)

हिंजवडीकर

फोल्डवाला हजर आहे. दोन वर्षं आणि काही महिने झाले वापरतोय. आधी चांगलं सांगतो, मग रडगाणं.

चांगलं हे की ती वस्तू नेहमी जवळ असते. माझ्याकडे याआधी टॅब होता, तो बिचारा घरी कपाटात चार्जिंगविना पडून असायचा. फोल्ड खिशात असतोच. बसमध्ये अचानक कुणी एक्सेल पाठवली, उघडली, बघितली. एका बाजूला नकाशा आणि दुसऱ्या बाजूला व्हॉट्सॲप ही चैन एकदा लागली की सुटत नाही. सिनेमाला मात्र उपयोग नाही. चौकोनी पडद्यावर वर-खाली काळ्या पट्ट्या येतात आणि चित्र मोठ्या फोनपेक्षा थोडंसंच मोठं दिसतं.

आता रडगाणं. चौदाव्या महिन्यात आतल्या पडद्यावरचं संरक्षक आवरण घडीच्या रेषेवर सुटायला लागलं. आधी तांदळाएवढा बुडबुडा, आठवड्यात बोटभर. तो थर कंपनीचाच असतो आणि आपण काढायचा नसतो. २०१९ साली सॅमसंगचा पहिला फोल्ड परीक्षकांकडे गेला तेव्हा काहींनी तो साधा स्क्रीनगार्ड समजून सोलला होता आणि पडदे गेले. एप्रिलमधली विक्री सप्टेंबरवर गेली ती या आणि अशाच भानगडींमुळे. तर मी शहाण्यासारखा न सोलता सेवा केंद्रात गेलो (कंपनीचं नाव घेत नाही, उगाच वाद नको). तिथल्या पोराने टॉर्च मारून पाहिलं आणि म्हणाला, थर बदलताना पडदा गेला तर जबाबदारी तुमची, इथे सही करा. सही केली. अडीच तास बाकड्यावर बसून होतो. पडदा गेला नाही, पण त्या अडीच तासांत माझं त्या फोनवरचं प्रेम गेलं.

दोन लाख वेळा, पाच लाख वेळा उघडझाप झेलतो म्हणतात, तो आकडा खोटा नसावा. रोज शंभरदा उघडला तरी दोन लाखांना साडेपाच वर्षं लागतात. बिजागरी माझीही ठणठणीत आहे. दुखतं ते त्या मऊ पडद्याचं. नखाचा ठसा उठतो त्यावर.

पावशेर

आणि धूळ? फोल्ड ६, फोल्ड ७ ना आयपी४८ आहे, म्हणजे धूळ-पाणी किती अडतं त्याचा दर्जा. त्यातल्या पाण्याच्या ८ वर सगळे खूश, धुळीचा ४ कुणी वाचत नाही. ४ म्हणजे एक मिलिमीटरहून मोठं काही आत जाणार नाही. आपल्याकडची धूळ एक मिलिमीटरची असते का? गूगलने २०२५ मध्ये पिक्सेल १० प्रो फोल्डला आयपी६८ दिलं, फोल्डमधलं पहिलंच. पण किंमत पावणेदोन लाखांच्या घरात. ताईंच्या बजेटमध्ये त्याची बिजागरी येईल.

अनुस्वार

हिंजवडीकर, तुमचं वाचून मुलाचा पक्ष घरात अल्पमतात गेला. एक विचारते: फोल्डवर पेनने खुणा करता येतात का? मला नुसतं वाचायचं नाही, काना-मात्रेवर गोल करायचाय, समासात खूण करायचीय. बोटाने केलेली खूण म्हणजे शेणाचा सडा.

हिंजवडीकर

फोल्ड ६ पर्यंत वेगळं एस पेन चालायचं. फोल्ड ७ पातळ करायला गेले, २३९ वरून २१५ ग्रॅमवर आणला, त्या नादात पेनची सोयच काढून टाकली. तुमच्या कामाला ७ बाद.

लोकलवाला

पेन पाहिजे तर अल्ट्रा. पेन फोनच्याच पोटात असतं, हरवत नाही.

फुटपट्टी

लोकलवाला, एस२५ अल्ट्रा भारतात आला तो १,२९,९९९ ला. ताईंचं बजेट ६०. आणि ७.२ सेंटिमीटर रुंदीत गोल करायचा तर अक्षर आधी मोठं करावं लागेल, म्हणजे पुन्हा ते सरकवणं आलंच. पेनवाले स्वस्त फोनही आहेत, मोटोरोलाचा एज ६० स्टायलस तेवीस हजारांच्या आत आला होता. पण रुंदीचं दुखणं तेच.

पेटीमास्तर

आमच्या भजनी मंडळात पेटीवर वही ठेवायचो, आता टॅब असतो. ८.७ इंची गॅलॅक्सी टॅब ए९, वायफायवाला, बारा-तेरा हजारांत घेतला. अभंग मोठ्या अक्षरात टाइप करून ठेवलेत, झकास दिसतात. दोनच गोष्टी शिकलो. आपोआप फिरणारा पडदा बंद ठेवायचा, नाहीतर भाता मारताना पान आडवं होतं आणि 'रूप पाहता' अर्ध्यावर राहतं. आणि गायच्या आधी सूचना बंद करायच्या. एकदा ऐन गजरात बँकेच्या कर्जाची जाहिरात आली होती. ताई, एवढ्या स्वस्तात काम होत असेल तर पन्नास हजार कशाला?

फुटपट्टी

मास्तर, अभंगाला चालतं कारण अक्षर तुम्ही हवं तेवढं मोठं केलंय. ए९ चा पडदा १३४० बाय ८००, म्हणजे इंचाला जेमतेम १८० ठिपके. मिनीचे ३२६. छोट्या अक्षरात देवनागरीची खरी परीक्षा होते. रफार आणि अनुस्वार एकावर एक आले, जसं 'सर्वांना', की १८० ठिपक्यांत त्याचा एकच डाग होतो. वाचणारा अर्थावरून पुढे जातो. मुद्रितशोधकाला अर्थावरून पुढे जायचीच बंदी.

अनुस्वार

वा! शेवटचं वाक्य आमच्या टेबलावर चिकटवते.

जुनाट

मी विरुद्ध बोलणार. प्रुफं कागदावरच वाचावीत. पडद्यावर डोळा घसरतो. चाळीस वर्षं पाहतोय, हल्लीच्या पुस्तकांत चुका वाढल्या त्याचं कारण हेच. त्यापेक्षा प्रकाशकाकडून छापील प्रत घ्या, पिशवीत टाका. चार्जिंग नको, कव्हर नको, हप्ता नको.

अनुस्वार

काका, पटतं. शेवटचं प्रूफ मी अजूनही कागदावरच मागते. पण पहिलं-दुसरं आता कुणी छापून देत नाही. घरी छापलं तर तीनशे पानांची शाई माझ्या खिशातून जाते आणि पानामागे मिळतं त्यातलं बरंच तिथेच संपतं.

जुनाट

मग दर वाढवून मागा.

टेकाडावरचा

काका, तो वेगळा धागा. शंभर प्रतिसाद पक्के.

साबणाचाफुगा

टॅबच्या पक्षात जाण्याआधी एक. टॅब घेतला म्हणजे फोन सुटला असं नाही. यूपीआय सुरू करताना बँकेत नोंदवलेल्या सिमवरून त्याच यंत्रातून एसएमएस जावा लागतो. आयपॅडला सिम टाकलं तरी ते नुसतं डेटाचं. फोन नाही, एसएमएस नाही. म्हणजे भाजीवालीला पैसे द्यायला फोन लागणारच. काही अँड्रॉइड टॅबवर सिम टाकून बोलता येतं, पण मॉडेलनुसार बदलतं, दुकानात आपलं सिम घालून बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नका. नवरोबांचा मुद्दा तेवढ्यापुरता बरोबर आहे: टॅब म्हणजे कायमच दुसरी वस्तू.

खडीसाखर

न्यू जर्सीहून. मिनी वापरतेय, आधी २०२१ चा, आता २०२४ चा. २९३ ग्रॅम. स्वयंपाकघरात ओट्याला टेकवून, रात्री अंथरुणात, सगळीकडे. तोंडावर पडला तर लागतो, अनुभव आहे. पडदा अजूनही ६० हर्ट्झचाच, म्हणजे चित्र सेकंदाला साठदाच बदलतं. भराभर सरकवलं की मजकूर थोडा पुसट होतो, पण तू थांबून वाचणारी, तुला फरक पडू नये. व्हॉट्सॲप आयपॅडवर २०२५ च्या मेपर्यंत धड नव्हतं, आता आहे.

एक सांगते, कुणी इकडून 'येताना आण' म्हणाल तर टॅबचं ठीक, ४९९ डॉलर अधिक कर. पण मोठा आयफोन मागवू नका. आयफोन १४ पासून इकडच्या फोनला सिमची खाच नसते, नुसतं ईसिम, फोनच्या आतलंच. माझ्या दिराने हौसेने नेला आणि दोन दिवस गॅलरीत फेऱ्या मारत होता.

पावशेर

भारतात मिनी १२८ जीबी वायफाय ४९,९०० ला आला, यूएसबी-सी वाली साधी पेन्सिल ७,९००. मिळून ५७,८००. बजेटात बसतं, कव्हरलाही थोडे उरतात. सिमवाल्याला पंधरा हजार जास्त घालू नका, फोनचं हॉटस्पॉट आहेच. पीडीएफ तर घरूनच उतरवून न्यायच्या.

ताई, घेण्याआधी एक करा. पुठ्ठ्याचे तीन तुकडे कापा, मोठ्या फोनचा, उघडलेल्या फोल्डचा, मिनीचा. वजनाला मागे पाव किलो रवा बांधा. आठवडाभर पिशवीत वागवा.

अनुस्वार

पावशेर, तुम्ही गमतीत म्हणालात, मी खरंच केलं.

भाचीच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिका होत्या, जाड पुठ्ठ्याच्या. फुटपट्टींच्या मापाने कापल्या आणि प्रुफाचं पान त्या-त्या टक्क्याला छोटं करून छापून वर डकवलं. मिनीच्या मागे रव्याऐवजी साबुदाण्याची पुरचुंडी, तीनशे ग्रॅम. चार फेऱ्या केल्या.

मोठ्या फोनचं पत्रिकाच सांगून गेली. नाकापाशी धरल्याशिवाय दिसेना, आणि नाकापाशी धरलं की प्रोग्रेसिव्ह चष्म्यात मान वर करावी लागते. अंबरनाथपर्यंत मान अवघडली. नवऱ्याच्या हातात तोच तुकडा दिला. त्याने लांब धरला, जवळ धरला, काही न बोलता परत दिला. तो पक्षही गेला.

फोल्डचा तुकडा वाचायला बरा होता. पण मी तो पिशवीत टाकला आणि वर डबा, छत्री, किल्ल्या नेहमीसारख्या पडल्या. घरी येऊन पाहिलं तर 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' वर किल्लीचा खोल ओरखडा. फोल्ड मिटलेला असतो, आतल्या पडद्याला किल्ली लागणार नाही हे कळतं मला. पण दीड लाखाची वस्तू माझ्या पिशवीत राहू शकत नाही हेही कळलं.

मिनीच्या तुकड्याचं एकच गाऱ्हाणं. एका हाताने बोटं पसरून धरता येतो, पण डोंबिवलीनंतर करंगळी दुखायला लागते. मांडीवर पिशवी ठेवून तिच्यावर टेकवला की प्रश्न मिटतो. येताना उभ्याने तो बाहेरच काढता येत नाही. तेव्हा सरळ डोळे मिटून घ्यायचे असं ठरवलंय.

लोकलवाला

उभ्याने झोपायला आमच्याकडे शिका. :D

पेटीमास्तर

साबुदाण्याचं पुढे काय केलंत?

अनुस्वार

खिचडी. गुरुवारी.

हिंजवडीकर

ताई, माझा फोल्ड विकायचाय, पण आता या धाग्यावर विचारण्यात अर्थ नाही.

अनुस्वार

धागा वर काढतेय, तीन आठवड्यांनी.

मिनी घेतला, वायफाय, साध्या पेन्सिलीसकट. जुन्या फोनची बॅटरी बदलून घेतली, तो अजून दोन वर्षं चालेल. मुलगा रुसला होता, आता रात्री मिनीवर तोच असतो आणि सकाळी मला ४० टक्के चार्ज मिळतो. त्यावरून घरात वेगळा धागा चालू आहे.

कामाचं सांगते. समास कापून मजकूर ठेवला की अक्षर खरंच छापील पुस्तकाएवढं दिसतं. पेन्सिलीने गोल नीट होतो, फक्त गाडी रूळ बदलते तेव्हा खूण शेजारच्या शब्दावर जाते. म्हणून विठ्ठलवाडी ते कल्याण नुसतं वाचायचं, खुणा नंतर. सकाळच्या फेरीत वीस-बावीस पानं होतात. फोनवर आठ व्हायची, आणि तीही अशी.

एका गोष्टीचा विचार मी केला नव्हता, फुटपट्टींनीही नाही. मला मोठं दिसतं तसं शेजारणीलाही दिसतं. परवा खिडकीशी बसून एका कादंबरीचं दुसरं प्रूफ वाचत होते. शेजारी एक बाई, मांडीवर मटारच्या शेंगांची पिशवी, सोलता सोलता माझ्याकडे तिरपं बघत होत्या. मी पान उलटलं. त्या म्हणाल्या, "थांबा हो, माझं व्हायचंय." मी मागे गेले. त्यांनी दोन शेंगा सोलल्या, पान संपवलं आणि मटारच्या हातानेच पडद्याजवळ बोट नेऊन म्हणाल्या, "हे 'आणी' दीर्घ पडलंय बघा, तिसऱ्या ओळीत."

पडलं होतं.